जुलैतला बर्फ: मुलांना माउंट हूडच्या फ्रीस्टाइल शिबिराला पाठवण्याआधी

बगलेत स्नोबोर्ड घेऊन निघालेली नात व्हिडिओ कॉलवर दिसली, तेव्हा सांगलीहून अण्णांनी एवढंच विचारलं, "अरे, जुलैत कुठला आलाय बर्फ?" प्रश्न रास्त होता. आणि त्याचं उत्तर नीट समजलं, की स्की-स्नोबोर्डवरच्या उड्या आणि करामती, म्हणजे फ्रीस्टाइल, शिकवणाऱ्या या शिबिरांबद्दलची निम्मी कोडी आपोआप सुटतात: पहाटे का उठवतात, दुपारी बर्फावर का थांबू देत नाहीत, बोर्डाला रोज वॅक्स का लावायला सांगतात. लेक आता तीन उन्हाळे जाऊन आली आहे. पहिल्या वर्षी आम्ही बरंच काही उलटसुलट केलं, म्हणून हा लेख. आमच्या बीव्हर्टन-हिल्सबरोकडे, म्हणजे ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या उपनगरांत, मराठी घरं पुष्कळ आहेत आणि मुलं हिवाळाभर डोंगरावर असतात, तेव्हा कुणाला ना कुणाला उपयोग होईल.

आधी बर्फाची ओळख

माउंट हूड हा ओरेगनमधला सगळ्यात उंच डोंगर, साधारण 3,429 मीटरचा, आणि मुळात ज्वालामुखी. वारा उलटा असला की वर गंधकाचा वास येतो. मुलांनी नाक मुरडलं तर घाबरू नका. दक्षिणेकडच्या उतारावर टिंबरलाइन लॉज आहे. महामंदीच्या काळात सरकारनं लोकांना काम मिळावं म्हणून जी बांधकामं काढली, त्यातलं हे एक. आपल्या रोजगार हमीची आठवण यावी असं. सप्टेंबर 1937 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. लॉज सुमारे 6,000 फुटांवर आहे, म्हणजे पार्किंगमध्ये गाडीतून उतरतानाच तुम्ही कळसूबाईच्या शिखरापेक्षा वर असता. तिथून मॅजिक माइल नावाची लिफ्ट, आणि तिच्यापुढे पामर. पामरचं वरचं टोक 8,540 फुटांवर. उन्हाळी शिबिरं भरतात ती या पामरच्या बर्फावर.

हिवाळ्यात इथे सरासरी 540 इंच बर्फ पडतो. तो इतका खोल साचतो की जून-जुलैच्या उन्हालाही पुरून उरतो. पण हा हिवाळ्यातला भुसभुशीत बर्फ नव्हे. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, पुन्हा वितळतो. असं होत होत त्याचे गोल दाणे बनतात. सकाळी सातला तो खडखडीत, फरशीसारखा असतो. नऊ-दहाच्या सुमारास वरचा थर सुटतो आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा होतो. हीच ती सोन्याची वेळ. बारानंतर मात्र रसवंतीतल्या बर्फाच्या चुऱ्यासारखा गचगचीत लगदा होतो आणि बोर्ड त्यात अडखळतो.

साबुदाण्याची वेळ लांबवण्यासाठी उतारावर मीठ पसरतात. हो, मीठ. लहानपणी पॉटमध्ये आइस्क्रीम फिरवताना बर्फात खडेमीठ का टाकायचे, ते आठवा. मिठानं थोडा बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि उरलेला बर्फ घट्ट होतो. तेच तत्त्व इथे सबंध डोंगरावर चालतं. या मिठाचा उपद्रवही आहे, तो शेवटी सांगतो.

पहिली पायरी: मूल तयार आहे का

बहुतेक शिबिरं साधारण नऊ-दहा ते सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असतात. पण वयापेक्षा प्रश्न आहे तो तयारीचा. पाटी "सर्व पातळ्यांसाठी" अशी असली, तरी स्की किंवा बोर्ड पहिल्यांदा पायात घालायची ही जागा नव्हे. फीचे पैसे काही हजार डॉलरच्या घरात जातात. तेवढ्यात थांबायला आणि वळायला शिकवणारे हिवाळी वर्ग कितीतरी होतात.

माझा ठोकताळा असा. मुलाला निळ्या पाटीच्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावर दोन्ही बाजूंना वळणं जोडत, न पडता खाली येता यावं. हवं तिथे थांबता यावं. लिफ्टवर एकट्यानं चढता-उतरता यावं. उलट्या बाजूनं, म्हणजे ज्याला मुलं "स्विच" म्हणतात तसं, थोडं तरी घसरता यावं. आणि हिवाळ्यात पार्कमधल्या, म्हणजे उड्या-करामतींसाठी राखलेल्या पट्टीतल्या, छोट्या उडीवरून आणि जमिनीलगतच्या बॉक्सवरून (वरून घसरत जायची लांबट पेटी) काही वेळा जाऊन आलेलं असावं. एवढं असेल तर आठवड्यात खरंच फरक दिसतो. नसेल तर एक हिवाळा थांबा. काही बिघडत नाही.

भारतातून मुलाला थेट इथे पाठवायचा विचार असेल, तर आधी गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी संस्थेचा स्कीचा कोर्स करून घ्या. फ्रीस्टाइल ही पुढची गोष्ट. उतारावर पाय स्थिर होणं ही आधीची.

दुसरी पायरी: शिबिर निवडताना विचारायचे प्रश्न

वेबसाइटवर हवेत तरंगणाऱ्या मुलांचे फोटो सगळ्यांचेच छान असतात. फोन करून विचारा.

एका प्रशिक्षकाकडे बर्फावर किती मुलं असतात? शिबिराची स्वतःची, म्हणजे बाकीच्या लोकांना बंद असलेली पट्टी पामरवर आहे का, आणि त्यात छोट्या उड्या किती आहेत? (सगळे मोठ्या उड्यांची जाहिरात करतात. नवख्याला गरज असते छोट्या उड्यांची.) हवेची गादी, म्हणजे एअरबॅग आहे का? ट्रॅम्पोलिनवर शिकवायला वेगळा माणूस आहे का? रात्री मुलांच्या खोल्यांजवळ मोठं माणूस कोण असतं? डोंगरावर बर्फच कमी पडला तर पैसे परत मिळतात का?

शेवटचा प्रश्न आगाऊ वाटेल, पण आता तो विचारावाच लागतो. कॅनडात व्हिसलर इथे ब्लॅककॉम्बच्या हिमनदीवर अनेक वर्षं चाललेलं एक नावाजलेलं शिबिर 2017 मध्ये बंद पडलं, कारण हिमनदीच आटत चालली होती. याच ब्लॅककॉम्बवरच्या उन्हाळी शिबिरांत मोगल, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून स्की करणं, शिकवणाऱ्या काही कॅनेडियन प्रशिक्षकांना 1990 च्या दशकात दोन्ही टोकं वर वळलेल्या स्कीची कल्पना सुचली, आणि त्यातून आजची फ्रीस्टाइल स्की उभी राहिली. खेळ जिथे घडला ती जागाच विरघळली. हूडवरही पूर्वी सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत सहज चालणारा हंगाम अलीकडे पुष्कळदा ऑगस्टमध्येच आटोपतो. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यानं जूनचा उत्तरार्ध किंवा जुलैचा पूर्वार्ध धरावा, असं माझं मत. ऑगस्टचा आठवडा स्वस्त दिसला तरी मोहात पडू नका.

आणखी एक. अमेरिकेत खेळाडू मुलांच्या सुरक्षेसाठी 2017 पासून सेफस्पोर्ट नावाचं केंद्र आहे. प्रशिक्षकांनी त्याचं प्रशिक्षण घेतलंय का, हे बेधडक विचारा. कुणाला हा प्रश्न आवडला नाही, तर तेच त्याचं उत्तर समजा.

हूड शक्य नसेल तर दुसरे मार्गही आहेत. कोलोरॅडोत कॉपर माउंटनला छताखालचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. युटामध्ये पार्क सिटीच्या ऑलिंपिक पार्कात प्लास्टिकच्या ओल्या घसरगुंडीवरून उडी घेऊन थेट पाण्यात पडायचं. हे मी सांगितल्यावर अण्णांचा चेहरा खुलला. ते पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. मुटका आणि सूर यांतला फरक त्यांना कुणी समजावायची गरज नाही. "म्हणजे आमचीच विहीर की," म्हणाले. खरंच तसंच आहे: पडलं तरी पाणी झेलतं, म्हणून धीर येतो. आणि ज्यांना जुलै-ऑगस्टमध्ये अस्सल हिवाळाच हवा, ते न्यूझीलंडला जातात. तिकडे ऋतू उलटे.

तिसरी पायरी: घरची दोन-तीन महिन्यांची तयारी

उडी मारायला शिकवू नका, उतरायला शिकवा. साधारण फूटभर उंच पायरीवरून दोन्ही पायांवर उडी, आणि उतरताना आवाज येता कामा नये. मांजर उतरतं तसं. गुडघे वाकलेले, पण आत एकमेकांकडे झुकलेले नाहीत. आठवड्यातून तीनदा दहा-दहा वेळा पुरे. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या आतल्या दोरीची, म्हणजे एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यामुळे मुलींनी हे टाळूच नये.

ट्रॅम्पोलिन पार्क जवळ असेल तर सरळ उडी, अर्धी गिरकी, पूर्ण गिरकी. मान आधी वळते, मग खांदे, मग कंबर. कोलांटउडी घरी नको, अगदी नको; ती शिबिरातल्या माणसावर सोडा. ज्या मुलांनी मल्लखांब केलाय, त्यांना हवेत आपलं अंग कुठे आहे याचं भान उपजत असल्यासारखं येतं. लेकीच्या गटात पुण्याची एक मुलगी होती, बोर्डावर तिचं एकच वर्ष झालेलं, पण गादीवर ती सगळ्यांच्या पुढे. बर्फावर मात्र सगळ्यांच्या मागे, कारण बोर्डाच्या कडांवर ताबा नव्हता. दोन्ही लागतं.

चौथी पायरी: सामान

पहिल्या वर्षी आम्ही हिवाळ्याचं सगळं भरलं. चुकलं. उन्हात मुलं नुसत्या हुडीत घसरतात. पण बाह्या पूर्ण हव्यातच, कारण हा दाणेदार बर्फ उघड्या कातडीला खवणीसारखा खरवडतो. जूनमध्ये वर वादळही येतं, म्हणून एक पातळ पण पाणी न शिरणारं जाकीट. पँट पाणी रोखणारी. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक रोज ओला होणार. मोजे पातळ, एकावेळी एकच जोड. दोन चढवले की सुरकुत्या पडतात आणि फोड येतात.

हेल्मेट मापाचं, आणि आधी मोठा मार खाल्लेलं नको. स्नोबोर्डवाल्यांना मनगटाचे गार्ड, कारण पडताना हात टेकायची सवय जात नाही. स्कीवाल्यांनी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारं आणि पडताना सुटणारं खटक्याचं साधन, दुकानातून तपासून आणावं. ते वजन, उंची, वय आणि बुटाच्या लांबीवरून लावलेलं असतं, आणि हिवाळ्यात बसवलेला आकडा मूल चार बोटं वाढल्यावर चालत नाही. स्नोबोर्डचं बाइंडिंग पडताना सुटतच नाही, हेही नव्या पालकांना माहीत नसतं.

उन्हाबद्दल दोन शब्द जास्त. उंचीवर दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-एक टक्क्यांनी वाढतात, आणि खालून बर्फ त्यातली बरीचशी परत तोंडावर फेकतो. म्हणून ऊन वरूनच नव्हे, खालूनही लागतं. हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला, कानांच्या मागे क्रीम लावायला शिकवा. आपला रंग सावळा आहे, आपल्याला काही होत नाही, हा गैरसमज आमच्याकडेही होता. दुसऱ्या दिवशी लेकीचे ओठ फुटले. डोळ्यांना गडद काचेचा स्की-गॉगल. तो ढगाळ दिवशीही काढायचा नाही, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

खाऊ द्यायचा तर आधी शिबिराला विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी दाण्याचा लाडू आणि चिक्की चालत नाही. राजगिऱ्याचे लाडू बिनतक्रार जातात. शाकाहारी जेवण मिळतं, पण फॉर्ममध्ये आधीच लिहा. "ऐनवेळी सांगू" म्हटलं की आठवडाभर चीज पिझ्झा.

पाचवी पायरी: कागदपत्रं

फॉर्म, वैद्यकीय संमती, औषधांची यादी, दम्याचा पंप असेल तर त्याची चिठ्ठी. विमा कंपनीला फोन करून स्नोबोर्डिंग किंवा स्कीइंगमधली दुखापत धरली जाते का ते विचारा. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पोर्टलंड विमानतळावरून शिबिराची गाडी येते का, तेही विचारून ठेवा. गाडीनं जाणार असाल तर पोर्टलंडपासून हायवे 26 नं सँडी, झिगझॅग करत गव्हर्नमेंट कॅम्प या खेड्यापर्यंत साधारण 90 किलोमीटर. नाव सरकारी असलं तरी तिथे सरकारी काही नाही. हकलबेरी या रानफळाचा 'पाय', म्हणजे भाजलेला गोड पदार्थ, मात्र चाखून बघा.

तिथे पोचल्यावर: एक दिवस कसा जातो

सहाच्या आत उठणं, न्याहारी, गाडीनं लॉज, मग दोन लिफ्ट. पहिला तासभर कडक बर्फावर नुसती वळणं. मुलं कुरकुरतात, उडायला आलोय, वळायला नाही. पण चांगला प्रशिक्षक पहिल्या सकाळी कुणालाच उडू देत नाही. तो बघत असतो: कोण कडांवर उभं आहे, कोण घाबरून मागे रेलतंय.

मग उडी. तिचे चार भाग मुलांकडून घोकून घेतात: जवळ येणं, सुटणं, हवेतली करामत, उतरणं. यातलं पहिलंच सगळ्यात अवघड, कारण ते वेगावर अवलंबून आहे. पार्कमधली उडी अशी असते: चढणीचं टोक, त्यानंतर सपाट पट्टा, त्याच्या शेवटी कड, आणि कडेपलीकडे उतार. उतारावर उतरलात तर जोर पुढे घसरण्यात जिरतो. वेग कमी पडला तर त्या कडेवर आपटता. जास्त झाला तर उतार संपून सपाटीवर, आणि सगळा जोर गुडघ्यात. आता बर्फ आठवा. सकाळी आठचा वेग आणि साडेअकराचा वेग, सुरुवातीची जागा तीच असूनही, वेगळे असतात. म्हणून दर थोड्या वेळानं प्रशिक्षक स्वतः जाऊन वेग तपासतो आणि मुलं त्याच्या मागून त्याच्याच वेगानं जातात. कालची खूण आज चालत नाही. हे ज्या मुलाला कळलं, त्याच्या शिबिराचे पैसे वसूल.

पार्कचे शिष्टाचार तिकडच्या पाट्यांवर लिहिलेले असतात: छोट्यापासून सुरुवात, प्रत्येक फेरीचा बेत, आधी बघणं, इतरांचा मान, अंगात आहे तेवढंच करणं. मी एकच जोडेन. निघण्याआधी हात वर करून "ड्रॉपिंग!" ओरडायचं, आणि उतरण्याच्या जागी कधीही थांबायचं नाही. वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

बारा-एकच्या सुमारास बर्फ संपतो, म्हणजे असतो, पण खेळण्याजोगा राहत नाही. जेवण झालं की ट्रॅम्पोलिन, स्केटबोर्ड, एअरबॅग, नाहीतर ट्रिलियम तलावात डुंबणं. संध्याकाळी सकाळचे व्हिडिओ बघतात. आपलंच अंग मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर "मी वाकते की!" म्हणणारी लेक गप्प बसली.

दुखणं आणि घरचे फोन

डोक्याला मार लागला, आणि त्यानंतर डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर जायचं नाही. यावर वाद नाही. मुलाला हे घरीच सांगून ठेवा, कारण तिथे ते मित्रांसमोर "काही नाही झालं" म्हणणार. दमल्यावरची फेरी सगळ्यात धोक्याची. "शेवटची एक" असं डोंगरावर कुणी म्हणत नाही. "आणखी दोन, आणि शेवटची सोडून देऊ" म्हणतात. अंधश्रद्धा म्हणा, पण हिशेब बरोबर आहे.

तिसऱ्या दिवशी रडका फोन येतो. अंग ठणकत असतं, नवी गोष्ट जमत नसते, शेजारच्या पोराला जमलेली असते. ताबडतोब गाडी काढू नका. झोपलीस का, पाणी पितेस का, एवढं विचारा. चौथ्या दिवशी फोनच येत नाही.

परतल्यावर

मिठाचा उपद्रव सांगायचा राहिला होता. पामरचा बर्फ खारट, म्हणजे बोर्डच्या आणि स्कीच्या पोलादी कडांना आठवड्यात गंज धरतो. बाइंडिंगच्या स्क्रूंनाही. आम्ही पहिल्या वर्षी पिशवी तशीच गॅरेजमध्ये ठेवली आणि नोव्हेंबरात उघडली; कडा तांबूस झालेल्या, वास वेगळाच. त्यामुळे घरी आल्या दिवशीच, मूल झोपलं तरी चालेल, तुम्ही सगळं गोड्या पाण्यानं धुवा, फडक्यानं कोरडं करा, कडांवरून गमस्टोन (गंज घासून काढायचा रबरी दगड) फिरवा, आणि तळावर वॅक्सचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवा. बुटांची आतली सुटी अस्तरं बाहेर काढून त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. दुसऱ्या दिवशी बोळे बदला.